घटस्फोटाचा हुकूमनामा : शोध आणि नक्कल

(तळा येथे भरलेल्या कायदेविषयक मार्गदर्शन शिबिरात न्यायालयाच्या नक्कल विभागातील एका निवृत्त कर्मचाऱ्याने केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी वकील नाही आणि न्यायाधीशही नाही. माझी उभी नोकरी न्यायालयातील कागदांच्या सहवासात गेली. त्यातला मोठा काळ नक्कल विभागात गेला. न्यायालयाने दिलेल्या निर्णयांच्या प्रमाणित प्रती तयार करून लोकांच्या हाती ठेवणे हे तिथले काम. या खिडकीपाशी जमिनीच्या वादातली माणसे येतात, अपघाताच्या दाव्यातली येतात. परंतु सर्वांत संकोचून, खालच्या आवाजात बोलणारी जी माणसे येतात ती घटस्फोटाचा कागद मागणारी. त्यांत बायका अधिक. म्हणून आज मी या एकाच कागदाविषयी बोलणार आहे.

हा कागद लागतो कशासाठी, हे प्रथम पाहू. पुनर्विवाहाची नोंद करायची तर विवाह निबंधक तो मागतात. पारपत्रावरील नाव बदलायचे असेल तर तो लागतो. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत घटस्फोट झालेल्या, परंतु पोटगी न मिळणाऱ्या स्त्रियांचा समावेश आहे. तिथे अर्जासोबत तो जोडावा लागतो. नवरा वारला आणि सात-बारावर वारसनोंदीची वेळ आली, म्हणजे तर या कागदाचे मोल एकदम ध्यानात येते. विवाह कायम असेल तर पत्नी वारस असते. घटस्फोट झाला असेल तर नसते. आपल्या कोकणात जमीन गुंठ्यांची असली तरी वाद एकराचा असतो, आणि अशा वेळी "त्यांचा घटस्फोट झाला होता" असे दीर म्हणतात व "मला तर काही ठाऊक नाही" असे ती बाई म्हणते. दोघांपैकी खरे कोण, हे गावातले कोणीही सांगू शकत नाही. ते सांगणारा कागद कुठल्यातरी न्यायालयाच्या अभिलेख कक्षात असतो, किंवा कुठेच नसतो.

हे "कुठल्यातरी" फार महत्त्वाचे आहे. जन्म आणि मृत्यू यांची नोंद १९६९ च्या कायद्यान्वये होते व तिचा दाखला ग्रामपंचायतीत किंवा नगरपंचायतीत मिळतो. विवाहाची नोंद महाराष्ट्रात १९९८ च्या अधिनियमाप्रमाणे होते, तीही स्थानिक पातळीवर. त्यामुळे लोकांचा असा समज होतो की घटस्फोटाचाही दाखला ग्रामसेवकांकडेच मिळेल. तो मिळत नाही. आपल्या देशात घटस्फोटांची एकत्रित नोंदवही नाही. इंग्लंडमध्ये १८५८ पासूनच्या अंतिम हुकूमनाम्यांची मध्यवर्ती सूची आहे. अमेरिकेत ज्या परगण्याच्या न्यायालयाने निकाल दिला त्याचा लिपिक कागद सांभाळतो. आपली पद्धत या दुसऱ्या प्रकाराच्या जवळची आहे. ज्या न्यायालयाने विवाह विच्छेदित केला, त्याच न्यायालयाकडे त्याचा पुरावा. तेव्हा शोधाची पहिली पायरी म्हणजे ते न्यायालय कोणते हे ठरवणे.

तळ्याच्या माणसासाठी हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. लग्न गावी लागते, संसार मुंबईस होतो, भांडण पुन्हा गावी येते. हिंदू विवाह अधिनियम १८ मे १९५५ पासून अंमलात आला. त्याच्या कलम १९ प्रमाणे जिथे विवाह झाला, जिथे सामनेवाला राहतो, किंवा जिथे पतिपत्नी शेवटी एकत्र राहिले, तेथील न्यायालयात अर्ज करता येतो. पत्नी जिथे राहते तिथेच तिला अर्ज करता यावा, ही सोय मात्र २००३ च्या दुरुस्तीने झाली. शोध घेताना ही तारीख विसरू नये. एखाद्या बाईने १९९५ साली माहेरी तळ्यास राहून अर्ज केला होता असे घरचे सांगतात. पण लग्न दादरला झालेले आणि संसार लालबागला, तर केवळ माहेरच्या वास्तव्यावर तो अर्ज इकडच्या न्यायालयात चालणे कठीण होते. तिचे कागद मुंबईत शोधावेत.

मुंबईतही कुठे? १९८९ पूर्वी हिंदू विवाहाचे अर्ज मुंबई शहर दिवाणी न्यायालयात चालत. कुटुंब न्यायालयांचा कायदा १९८४ चा. त्याप्रमाणे मुंबईचे कुटुंब न्यायालय १९८९ साली सुरू झाले, आणि चालू असलेली प्रकरणे तिकडे वर्ग झाली. म्हणजे १९८७ साली दाखल झालेल्या अर्जाचा निकाल १९९१ साली लागला असेल, तर हाती असलेला जुना क्रमांक वेगळा आणि निकालाच्या वेळचा क्रमांक वेगळा असू शकतो. जुना क्रमांक घेऊन वांद्र्याच्या खिडकीवर उभे राहिल्यास "असे प्रकरण नाही" हे उत्तर मिळते, आणि ते उत्तर देणारा खोटे बोलत नसतो. आपल्याकडील चाकरमानी मंडळी पुढे नालासोपारा, विरार, डोंबिवली, कल्याण इकडे पसरली. त्यांची प्रकरणे वसई, कल्याण किंवा ठाणे येथील न्यायालयांकडे गेलेली आढळतात.

प्रकरण इकडचेच असेल तर माणगाव आणि अलिबाग ही दोन ठिकाणे प्रथम पाहावीत. तळा स्वतंत्र तालुका होण्यापूर्वी माणगाव तालुक्यात होता. त्यामुळे जुन्या कागदांवर गावापुढे "तालुका माणगाव" असेच लिहिलेले असते. आणखी एक गोष्ट. आपल्या जिल्ह्याचे नाव १९८१ साली रायगड झाले. त्याआधी तो कुलाबा. एक वृद्ध गृहस्थ त्यांच्या बहिणीचा १९७० च्या सुमाराचा हुकूमनामा घेऊन माझ्याकडे आले होते. एका कचेरीने तो परत केला होता, कारण त्यावर "कुलाबा" होते आणि अर्जात "रायगड". अशा वेळी रागावून उपयोग नाही. नवी प्रमाणित प्रत काढून घेतली की तिच्यावर आजच्या न्यायालयाचा शिक्का येतो आणि शंका मिटते. त्या गृहस्थांनी तसेच केले.

आता क्रमांकाविषयी. प्रकरणाचा प्रकार, क्रमांक आणि वर्ष या तीन गोष्टी हाती असतील तर नक्कल मिळणे हा काही दिवसांचा प्रश्न आहे. नसतील तर पुष्कळदा त्या घरातच सापडतात. जुने समन्स, वकिलांची पावती, पोटगीच्या आदेशातील एखादा उल्लेख, मुलाच्या शाळेत दिलेली झेरॉक्स, असे काहीही चालते. वकील हयात नसले तरी त्यांच्या कार्यालयातील दैनंदिनीत नोंद असू शकते. काहीच सापडले नाही तर पतिपत्नीची पूर्ण नावे आणि अंदाजे वर्ष देऊन न्यायालयात शोधासाठी अर्ज करावा. नोंदवह्या वर्षवार असतात. "साधारण नव्वद ते दोन हजारच्या दरम्यान" असे सांगितले तर कर्मचाऱ्याला अकरा वह्या चाळाव्या लागतात. "धाकटा मुलगा पहिलीत होता तेव्हा" एवढे आठवले तरी वर्ष ठरते. बायका सालाऐवजी अशाच खुणांनी काळ सांगतात, आणि माझ्या अनुभवाप्रमाणे त्या फारशा चुकत नाहीत.

नावांचा घोटाळा मात्र होतो. निकाल इंग्रजीत असेल तर एकच आडनाव तीन तऱ्हांनी लिहिलेले असते. बाईचे नाव कधी सासरचे, कधी माहेरचे. लग्नात नाव बदललेले असेल तर दोन्ही नावे अर्जात द्यावीत. अलीकडील प्रकरणे ई-कोर्टच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने किंवा सोळा अक्षर-अंकी क्रमांकाने शोधता येतात. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला दहा मिनिटे बसवावे. परंतु तिथे नाव दिसले नाही म्हणून प्रकरणच नव्हते असे समजू नये. जुनी प्रकरणे तिथे नसतात, आणि वैवाहिक प्रकरणांत नावे झाकलेलीही असू शकतात.

न्यायालय आणि क्रमांक ठरला की पुढचे काम सरळ आहे. प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करायचा, त्यावर कोर्ट फी मुद्रांक लावायचा, न्यायनिर्णय हवा की हुकूमनामा हवा हे स्पष्ट लिहायचे, आणि अंदाजित खर्च भरून पावती घ्यायची. तातडीची नक्कल हवी असेल तर तसे लिहावे. तिला आकार जास्त पडतो. फाईल अभिलेख कक्षातून मागवली जाते, प्रत तयार होते, मूळ कागदाशी ताडून पाहिली जाते आणि मग तिच्यावर "खरी प्रत" म्हणून सही-शिक्का होतो. प्रतीच्या शेवटी तारखा असतात: अर्ज केव्हा आला, प्रत केव्हा तयार झाली, केव्हा दिली. लोक त्या वाचत नाहीत. अपिलाची मुदत मोजताना प्रतीसाठी लागलेला काळ १९६३ च्या मुदत अधिनियमाप्रमाणे वगळला जातो, आणि तो काळ या तारखांवरूनच मोजतात. तेव्हा प्रत हाती आल्याबरोबर ते शेवटचे पान पाहावे.

न्यायनिर्णय आणि हुकूमनामा यांतला फरकही लक्षात घ्यावा. न्यायनिर्णयात दोघांचे आरोप, साक्षी, घरातल्या चार भिंतींतील गोष्टी असतात. हुकूमनामा त्रोटक असतो: अमुक विवाह अमुक तारखेपासून विच्छेदित झाला. कचेरीला बहुधा एवढेच हवे असते. मी अनेक बायकांना आपला संपूर्ण न्यायनिर्णय झेरॉक्सच्या दुकानात उघडा ठेवताना आणि योजनेच्या अर्जाला जोडताना पाहिले आहे. आपल्या आयुष्याचे पंचवीस कागद पाच टेबलांवरून कशाला फिरवावेत? हुकूमनामा मागावा, तोच जोडावा.

याच कारणास्तव ही नक्कल कोणालाही मिळत नाही. वैवाहिक प्रकरणांची सुनावणी बंद दालनात व्हावी आणि तिचा मजकूर छापला जाऊ नये, असे कलम २२ सांगते. पक्षकाराला किंवा त्याच्या अधिकृत मुखत्याराला प्रत मिळते. तिसऱ्या माणसाने मागितली तर त्याला प्रतिज्ञापत्रावर कारण सांगून न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. दीराला वारसनोंदीसाठी हवी असेल तर ते कारण होऊ शकेल. शेजाऱ्याला केवळ कुतूहल असेल तर होणार नाही. काही जण माहितीच्या अधिकारात अर्ज करतात. न्यायिक कामकाजाच्या नकला उच्च न्यायालयाच्या नियमांप्रमाणेच घ्याव्यात, माहिती अधिकाराच्या मार्गाने नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात सांगितले आहे. तेव्हा तो वेळ वाया घालवू नये.

आणखी एक तरतूद सांगतो, जी कुणाला ठाऊक नसते. १९७६ च्या दुरुस्तीने कलम २३ मध्ये असे आले की घटस्फोटाचा हुकूमनामा झाल्यावर न्यायालयाने दोन्ही पक्षांना त्याची एक प्रत विनामूल्य द्यायची. ही पहिली प्रत वकिलांकडेच राहून गेलेली पुष्कळदा आढळते. ती मागून घ्यावी. नंतरच्या प्रतींना खर्च येतो, पण दोन तरी काढून ठेवाव्यात आणि एक दुसऱ्या घरी, भावाकडे वा मुलीकडे, ठेवावी. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने आपल्या भागातली कौले आणि पत्रे उडवले, तेव्हा पेटीतले कागदही भिजले. त्यानंतर आमच्याकडील एक ताई पिशवीत लगदा झालेला हुकूमनामा घेऊन आली. क्रमांकाचे शेवटचे दोन अंक आणि वर्ष तेवढे वाचता येत होते. त्यावरून नोंदवहीत प्रकरण सापडले. ती मला पुन्हा पुन्हा विचारत होती, "दादा, कागद गेला म्हणजे माझा घटस्फोट रद्द तर नाही ना होणार?" नाही होणार. भिजली होती ती प्रत. मूळ न्यायालयात होते. फाईलमधील किरकोळ कागद ठरावीक मुदतीनंतर नष्ट केले जातात, परंतु न्यायनिर्णय व हुकूमनामा हे जतन करण्याच्या भागात मोडतात.

आता ज्यांना कागद सापडतच नाही त्यांच्याविषयी बोलतो, कारण पुष्कळदा कागद नसतोच. पूर्वी आपल्याकडे अनेक ज्ञातींत काडीमोड, फारकत, सोडचिठ्ठी या रूढी होत्या. कायद्यानेही घटस्फोट नवा नाही. बडोदे संस्थानात १९३१ साली आणि मुंबई इलाख्यात १९४७ साली हिंदूंसाठी घटस्फोटाचे कायदे झाले होते. १९५५ च्या अधिनियमानेही कलम २९ मध्ये रूढीप्रमाणे होणारा विच्छेद राखून ठेवला. परंतु रूढी आहे हे सांगणाऱ्यानेच ती सिद्ध करावी लागते, आणि पंचांपुढे झालेल्या फारकतीची न्यायालयात फाईल नसते. आज मुद्रांकावर दोघांच्या सह्या घेऊन नोटरीचा शिक्का मारला की घटस्फोट झाला असे समजणारे सुशिक्षित लोकही मला भेटले आहेत. रूढीचा आधार नसेल तर त्या कागदाने विवाह सुटत नाही. त्या भरवशावर दुसरे लग्न लावणारा माणूस स्वतःला आणि नव्या बायकोलाही संकटात टाकतो.

दुसरा घोळ परस्परसंमतीच्या अर्जाचा. कलम १३-ब प्रमाणे दोघे मिळून अर्ज करतात, आणि साधारणतः सहा महिन्यांनी पुन्हा येऊन संमती कायम असल्याचे सांगावे लागते. हा काळ योग्य प्रकरणी न्यायालय माफ करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ठरवले आहे. पण माफी मागावी लागते, आपोआप मिळत नाही. पहिल्या दिवशी सह्या झाल्या, दोघे बाहेर पडले, चहा घेतला आणि आपापल्या वाटेने गेले. पुन्हा कोणी आलेच नाही, अशी प्रकरणे आहेत. वर्षांनी त्यातली एखादी बाई नक्कल मागायला येते आणि कळते की अर्ज निकाली निघाला आहे, घटस्फोट मात्र झालेला नाही. ती पंधरा वर्षे स्वतःला घटस्फोटित समजत होती. तिला ते सांगण्याची पाळी माझ्यावर एकदा आली होती. ती काही बोलली नाही, खिडकीच्या कठड्यावर हात ठेवून बराच वेळ उभी राहिली. तसेच दंडाधिकाऱ्यांनी दिलेला पोटगीचा आदेश, किंवा कलम १० खालील न्यायिक फारकतीचा हुकूमनामा, हेदेखील घटस्फोट नव्हेत. कागदाचे शीर्षक आणि शेवटचा परिच्छेद शांतपणे वाचून घ्यावा.

आणि याच्या उलट बाजूही आहे. विवाह कायम आहे असे बाई समजते आणि नवऱ्याने मुंबईत एकतर्फी घटस्फोट घेतलेला असतो. समन्स जुन्या पत्त्यावर गेले, दार बंद म्हणून परत आले, कुठल्यातरी वर्तमानपत्रात नोटीस छापली, आणि निकाल झाला. गणपतीला गावी आलेला कोणी नातेवाईक सहज बोलून जातो तेव्हा ते कळते. अशा वेळी त्या नातेवाईकाशी वाद घालण्यापेक्षा कोणत्या न्यायालयाने, कोणत्या साली निकाल दिला हे त्याच्याकडून काढून घ्यावे आणि ताबडतोब नक्कल मागावी. समन्स रीतसर बजावले गेले नसेल तर एकतर्फी हुकूमनामा रद्द करण्यासाठी अर्ज करता येतो. त्याला मुदत आहे ती तीस दिवसांची, आणि अशा प्रसंगी ती हुकूमनामा कळल्या दिवसापासून मोजतात. म्हणून ज्या दिवशी कळले तो दिवस लिहून ठेवावा. इथे नक्कल विभागातला माणूस पुरत नाही, वकील लागतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाप्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते. तालुका विधी सेवा समितीकडे किंवा अलिबागला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज करावा.

मुस्लिम भगिनींविषयी थोडे. १९३९ च्या कायद्याखाली पत्नीने न्यायालयातून घटस्फोट घेतला असेल तर वर सांगितलेलीच रीत लागू. तलाकनामा किंवा खुला काझींपुढे झाला असेल तर त्याचा कागद न्यायालयात सापडणार नाही. काझींच्या दप्तरात पाहावे लागते. एका दमात दिलेला तीन तलाक २०१९ च्या कायद्याने निरर्थक ठरवला आहे. ख्रिस्ती, पारशी आणि नोंदणी पद्धतीच्या विवाहांना १८६९, १९३६ आणि १९५४ चे वेगळे कायदे आहेत, परंतु तिथेही न्यायालयाचा हुकूमनामा हाच पुरावा.

शेवटी पुनर्विवाहाविषयीची एक शंका, जी आज चिठ्ठीने विचारली गेली आहे. हुकूमनाम्याची नक्कल हाती आली की दुसऱ्या दिवशी लग्न करता येते काय? नाही. कलम १५ प्रमाणे अपिलाची मुदत संपलेली हवी, किंवा अपील झाले असल्यास ते फेटाळलेले हवे. ही मुदत पूर्वी तीस दिवसांची होती, २००३ पासून नव्वद दिवसांची आहे. अपील झालेले असेल तर खालच्या न्यायालयाचा कागद पुरत नाही, वरच्या न्यायालयाच्या निकालाची प्रतही जोडावी लागते. चिठ्ठी लिहिणाऱ्या ताईंनी सभा संपल्यावर आपला कागद मला दाखवावा, तारीख मोजून देतो. माझी माणगावची गाडी साडेपाचची आहे, तोवर मी इथेच मंडपाबाहेर बसलेला आहे. इतर कोणाजवळ जुने कागद असतील तर तेही घेऊन यावेत.